मूत्रपिंडातील पेशींची प्रवाहसंवेदना : एक परिचय

प्रस्तावना :
सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कराड येथे कृष्णेला मिळते व पुढे सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची पातळी मोजली जाते. पूरकाळात ही नोंद विचारात घेऊनच धरणातील विसर्गाचा निर्णय होतो. प्रवाहाची दखल घेऊन प्रतिसाद देणारी अशीच व्यवस्था मानवी मूत्रपिंडातही आढळते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून दररोज सुमारे १८० लीटर द्रव गाळला जातो. मात्र मूत्ररूपाने केवळ दीड ते दोन लीटर बाहेर पडतो. उर्वरित द्रव नलिकांतील पेशी पुन्हा शोषून घेतात.

प्रवाह ओळखणारी रचना :
नलिकेतील बहुतेक पेशींवर केसासारखी एक पक्ष्माभिका असते. ती द्रवाच्या प्रवाहाने वाकते. प्रिटोरियस व स्प्रिंग यांनी २००१ मध्ये दाखविले की, ही पक्ष्माभिका वाकविल्यास पेशीतील कॅल्शियम वाढते. निकटस्थ नलिकेतील पेशींवरील सूक्ष्मांकुरही प्रवाहाचा ताण जाणतात. गाळलेला द्रव वाढला की तेथील शोषणही वाढते. पुढील संग्राहक भागात प्रवाह वाढल्यास पोटॅशियमचे उत्सर्जन वाढते.

विकाराशी संबंध :
पॉलिसिस्टिन-१ व पॉलिसिस्टिन-२ ही प्रथिने पक्ष्माभिकेवर असतात. त्यांच्या जनुकांतील दोषामुळे मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या गाठी वाढतात व कालांतराने मूत्रपिंड निकामी होऊ शकते. माता किंवा पिता यांपैकी एकास हा विकार असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. पॉलिसिस्टिन-१ नसलेल्या उंदरांच्या पेशी प्रवाहास प्रतिसाद देत नाहीत, असे २००३ मध्ये आढळले. मात्र पक्ष्माभिका वाकल्याने तिच्यात कॅल्शियम शिरत नाही, असा निष्कर्ष २०१६ मधील एका संशोधनाने मांडला. त्यामुळे प्रवाहाचा संदेश नेमका कसा पोहोचतो, हा प्रश्न अद्याप वादाचा आहे.

दुष्काळी भागातील महत्त्व :
माण, खटाव, जत, आटपाडी या पर्जन्यछायेतील तालुक्यांत उन्हात राबणाऱ्या व्यक्तीच्या शरीरातील बरेच पाणी घामावाटे जाते. तेव्हा व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढते, नलिका अधिक पाणी शोषतात, मूत्र घट्ट होते व त्याचा प्रवाह मंदावतो. अशा मूत्रात क्षारांचे स्फटिक बनून मुतखडा होण्याचा धोका वाढतो. यास्तव कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी असणे ही आरोग्याची मूलभूत गरज ठरते. तथापि, आनुवंशिक गाठींच्या विकारावर केवळ अधिक पाणी पिणे हा उपाय नव्हे. अशा कुटुंबातील व्यक्तींनी रक्तदाब व सोनोग्राफीची तपासणी वैद्यकीय सल्ल्याने करून घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
मूत्रनलिका ही केवळ द्रव वाहून नेणारी नळी नाही. तिच्यातील प्रवाह हा पेशींना मिळणारा संदेश आहे. तो वाचण्याची क्षमता बिघडल्यास मूत्रपिंडाची घडणच धोक्यात येते.