इंजिनाचे सैल चाक : ठोक्याचे कारण व दुरुस्ती

वीजपंप गावोगाव आले असले, तरी पाळीच्या वेळी वीज दगा देईल म्हणून विहिरीवर जुने डिझेल इंजिन राखून ठेवणारे शेतकरी आजही पुष्कळ आहेत. यांतील बरीच इंजिने इंग्लंडातील डर्सली येथील लिस्टर कारखान्याच्या घडणीची किंवा त्याच धर्तीवर राजकोट येथे तयार झालेली, एक सिलिंडर व दोन जड चाके असलेली असतात. अशा इंजिनातून ‘ठक्-ठक्’ असा ठोका ऐकू येऊ लागला की बेअरिंग गेले असा निष्कर्ष काढला जातो व इंजिन खोलले जाते. नवी बेअरिंगे बसवूनही ठोका तसाच राहतो, कारण पुष्कळदा दोष इंजिनाच्या पोटात नसून बाहेर, चाक व क्रँकशाफ्ट यांना जखडणाऱ्या चावीत असतो.

ही चावी म्हणजे पोलादाची डोके असलेली लांबट पाचर होय. तिचा अर्धा भाग शाफ्टच्या खाचेत व अर्धा चाकाच्या तुंब्यातील खाचेत बसतो. मिनिटास ६५० फेरे करणाऱ्या चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक, म्हणजे मिनिटास ३२५ व तासास १९,५०० स्फोट होतात. स्फोटाच्या वेळी शाफ्ट चाकाला पुढे ओढतो, तर हवा दाबली जात असताना चाकच शाफ्टला ओढून नेते. चावी घट्ट असेल तर दोन्ही एकजीव फिरतात. तिच्यात केसभर जरी ढिलाई असली, तरी ती एकदा या बाजूने व एकदा त्या बाजूने मार खाते, आणि प्रत्येक माराने खाच रुंदावत जाते. चाळणे लांबल्यास चावी तुटते, किंवा चाक शाफ्टवरून सरकत बाहेर येते. फिरते चाक निसटले तर वाटेत येणारा माणूस वा बैल वाचण्याची आशा धरू नये.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. तुंबा व शाफ्ट यांच्या सांध्यावर तांबूस भुकटी दिसते. ती दोन लोखंडे एकमेकांवर घासल्याची खूण होय. चावीच्या ढिलाईचा ठोका बहुधा रिकाम्या चालीत स्पष्ट ऐकू येतो व भार पडताच मंदावतो; बेअरिंगचा ठोका उलट भाराबरोबर वाढतो. खात्री करण्यासाठी इंजिन बंद करून डिझेलचा नळ बंद करावा, पट्टा काढावा व डीकॉम्प्रेशनची कळ उचलून ठेवावी. मग एका माणसाने एक चाक घट्ट धरावे व दुसऱ्याने दुसरे चाक मागेपुढे हलवावे. सांध्यावर थोडे तेल सोडल्यास ढिल्या जागी ते आतबाहेर होताना दिसते. पट्ट्याची पुली चाकाला बोल्टांनी जोडलेली असल्यास ते बोल्टही याच वेळी पाहावेत. कित्येकदा सारा दोष तेवढाच निघतो.

ढिली चावी घणाने आणखी आत ठोकणे, खाचेत पत्र्याची पट्टी घालणे किंवा चाक शाफ्टला वेल्डिंगने जोडणे, हे तीन उपाय सर्रास होतात. पहिल्या दोहोंनी ठोका चार दिवस थांबतो. तिसऱ्याने मात्र क्रँकशाफ्टच तडकण्याचा धोका असतो व चाक पुन्हा कधी काढता येत नाही.

चावी काढण्यापूर्वी चाकाखाली लाकडी ठोकळे द्यावेत व डावे-उजवे चाक खडूने नोंदवावे. सांध्यावर रात्रभर रॉकेल वा डिझेल मुरू द्यावे. नंतर चावीचे डोके व तुंबा यांच्यामध्ये पाचर ठोकून चावी बाहेर ओढावी. चाक बिडाचे असते, त्यावर घण मारू नये.

नवी चावी मध्यम कठीण पोलादाची हवी. सळईचा तुकडा चालणार नाही. तिच्या दोन्ही बाजू खाचेत अंगाबरोबर बसल्या पाहिजेत, कारण उलटसुलट झटके बाजूच झेलतात. उतार फक्त वरच्या अंगाला, सामान्यतः शंभरास एक, असतो. चावीला तेलात कालवलेला शेंदूर पातळ लावून ती हलकेच ठोकावी, बाहेर काढावी व जेथे शेंदूर पुसला गेला असेल तेवढाच उंचवटा कानशीने काढावा. वरचे अंग सर्व लांबीभर टेकेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. या कामाला अर्धा दिवस लागतो, आणि घाई करणारा फिटर येथेच ओळखू येतो. शेवटी चावी ठोकून बसविल्यावर डोके व तुंबा यांत बोटभर अंतर राहिले पाहिजे. नाहीतर ती पुढे निघणार नाही.

खाचच रुंदावली असेल तर यंत्रशाळेत ती सरळ करून घेऊन पायरीची चावी करावी. शाफ्टला दुसऱ्याच जागी नवी खाच पाडण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. या चाकांत तोल राखण्यासाठी एका बाजूस जादा वजन ओतलेले असते. जागा बदलली की इंजिन पायावर उड्या मारू लागते.

चावी तुटून चाक फिरले असेल, तर चाकावरील टायमिंगची खूणही खोटी ठरते. तिच्यावरून डिझेल पंप जुळविल्यास इंजिन धूर ओकते किंवा उलट झटका देते. म्हणून आधी चाक मूळ जागी आणावे. जुन्या डिझेल मोटारींत, जेथे क्रँकशाफ्टवरील पुलीच पट्ट्याने व्हाल्व्ह चालविते, तेथे हीच ढिलाई अधिक महाग पडते. व्हाल्व्ह पिस्टनवर आदळतात.

दुरुस्तीनंतर शाफ्टचे टोक व तुंबा यांवर एकच सरळ रंगरेषा ओढावी. चार-पाच तास चालवून इंजिन थांबवावे, रेषा तुटली का ते पाहावे व चावीला पुन्हा एकदा ठोका द्यावा. बाहेर आलेल्या चावीच्या डोक्यात धोतर वा पदर अडकून अपघात होतात. त्यावर पत्र्याचे टोपण बसविल्याखेरीज इंजिन चालू करू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विहिरींना भेट देताना ही भुकटी, रेषा व टोपण यांकडे अवश्य नजर टाकावी.