ट्यूबवरचे मासेमार आणि त्यांची खोटी आमिषे

अमेरिकेच्या पश्चिम भागातील एका विद्यापीठात मी संशोधन करत होतो, तेव्हाची गोष्ट. आमच्या विभागाच्या वर्कशॉपमधला एक तंत्रज्ञ एका रविवारी मला जवळच्या तळ्यावर घेऊन गेला. पाहतो तो काय, दहा-बारा माणसे कमरेपर्यंत पाण्यात, प्रत्येकजण एका फुगवलेल्या रबरी कड्यात बसलेला, हातात गळाची काठी आणि तोंडाची टकळी अखंड चालू! कालच्या सुटलेल्या माशाची लांबी वीतभर होती की हातभर, यावरून एकमेकांची यथेच्छ टिंगल चालली होती. मधूनच दोघे जवळ येत, पत्र्याच्या छोट्या डब्या उघडत आणि घरी बनवलेली आमिषे एकमेकांना देत.

मला लहानपणापासून कोकणात गरवायला जाणारी माणसे माहीत होती. तिथे पहिला नियम म्हणजे गप्प बसायचे. मग इथे एवढ्या गोंगाटात मासे गळाला लागतात तरी कसे? उत्तर ध्वनीच्या परावर्तनात आहे. हवेतून येणारा आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर पडला, की त्याच्या ऊर्जेचा हजारातला सुमारे एक भागच पाण्यात शिरतो, बाकीचा वरच्या वर परततो. होडीच्या तळावर पाय आपटला तर मात्र तो धक्का थेट पाण्यात उतरतो. रबरी कड्यात बसलेल्या माणसाला आपटायला काही नसते, त्यामुळे गप्पांना पूर्ण मुभा!

हे तरंगते आसन मुळात ट्रकच्या टायरमधल्या ट्यूबपासून घरोघर बनवले जाई. मध्ये कापडाची झोळी, तिला पाय घालायला दोन भोके, एवढाच थाट. आपल्याकडेही धरणांच्या जलाशयांत फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकणारे मच्छीमार दिसतात. आर्किमिडीजच्या तत्त्वासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. कड्याच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर ४० सें.मी. आणि नळीची त्रिज्या १३ सें.मी. धरा. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले मधल्या वर्तुळाचा परीघ, म्हणजे घनफळ सुमारे १३३ लिटर. सामानासकट माणूस ८५ किलोचा आहे. त्याचे पाय आणि कंबर पाण्यात असल्याने सुमारे ३० लिटर पाणी तो स्वतःच बाजूला सारतो. उरलेले ५५ किलो आणि ट्यूबचे ५ किलो मिळून ६० किलोचा भार ट्यूबने पेलायचा. त्यासाठी तिने ६० लिटर पाणी बाजूला सारले की पुरे, म्हणजे ती निम्म्याहून थोडी कमीच बुडेल.

पुढे सरकण्यासाठी पायांना बेडकासारखी रबरी पाती बांधतात. पाय समोरच्या दिशेने झाडले की पाणी पुढे ढकलले जाते आणि माणूस पाठीमागे जातो. न्यूटनचा तिसरा नियम इथे असा उलटा चालताना पाहून मुलांना मौज वाटेल.

एक धोका मात्र नवख्यांच्या लक्षात येत नाही. उन्हात ४० अंश सेल्सिअसला तापलेली ट्यूब घट्ट वाटते, पण १२ अंशांच्या पाण्यात उतरवली की ती सैल पडते. निरपेक्ष तापमान ३१३ वरून २८५ केल्विनवर येते, म्हणजे आतल्या हवेचा निरपेक्ष दाब किंवा आकारमान यांपैकी काहीतरी ९ टक्क्यांपर्यंत घटणारच. याउलट, पाण्यातून काढलेली घट्ट ट्यूब उन्हात ठेवली तर फुटण्याची भीती. शिवाय पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे २४ पट आहे. तासन्‌तास थंड पाण्यात पाय सोडून बसायचे, तर जाड रबरी विजार लागतेच.

आता त्या डब्यांकडे वळू. त्यांत चमच्याचे कापलेले टोक, बाटलीच्या बुचातून कोरलेला मासा, पिसे, मणी असे काय काय होते. रंग बहुधा घरातल्या नेलपॉलिशचा. (त्याबद्दल घरी काय बोलणी खावी लागली, हा गप्पांचा आणखी एक विषय.) अशा कारागिरीला चांगली परंपरा आहे. अमेरिकेतील व्हरमाँटच्या ज्युलिओ ब्यूएल यांनी १८५२ मध्ये चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट घेतले. फिनलंडमधील मासेमार लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये बुचाच्या लाकडातून एक मासा कोरला, त्याला चॉकलेटची चंदेरी वेष्टने गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा थर दिला. मोठा मासा कळपातल्या दुखावलेल्या, वेडावाकडा पोहणाऱ्या लहान माशावर आधी झडप घालतो, हे त्यांनी पाहिले होते. तशी डगमगती चाल लाकडाला देणे, हे त्यांचे खरे यश.

ही चाल येते कुठून? वाकवलेला पत्रा पाण्यातून ओढला की त्याच्या मागे आळीपाळीने दोन्ही कडांकडून भोवरे सुटतात. प्रत्येक भोवरा सुटताना पत्र्याला उलट बाजूला ढकलतो आणि पत्रा हेलकावे खाऊ लागतो. माशाच्या अंगावर दोन्ही कुशींना पार्श्वरेखा नावाचे संवेदनांग असते. पाण्याची मंद कंपने तिला जाणवतात. गढूळ पाण्यात किंवा अंधारात डोळ्यांना दिसण्याआधी ही हालचाल माशाला तिथे कळते. वर्गात हे सहज करून पाहता येईल. जुन्या चमच्याचा दांडा तोडून उरलेल्या भागाला एका टोकाशी भोक पाडा, दोरा बांधा आणि लांबट टबातून ओढा. दोऱ्यातून बोटांना थरथर जाणवेल. चमचा ठोकून सपाट केला की ती बदलते. या प्रयोगात गळाचा आकडा मात्र अजिबात लावू नये.

रंगाविषयी या मंडळींचे दावे फार ठाम असतात. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश दर मीटरला सुमारे ३० टक्के घटतो. पाच मीटर खोलीवर तो जेमतेम १८ टक्के उरतो, तर निळा जवळजवळ तसाच असतो. तेव्हा खोल पाण्यातले लालभडक आमिष माशाच्या दृष्टीने काळपट असणार. उथळ पाण्यात गोष्ट वेगळी. निको टिनबर्गेन यांनी १९३० च्या दशकात लायडन येथे स्टिकलबॅक माशांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. हुबेहूब पण लाल पोट नसलेल्या नमुन्यापेक्षा, ओबडधोबड पण खालून लाल रंगवलेल्या नमुन्यावर नर अधिक हल्ले करत. खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली तरी ते खवळत. नंतरच्या प्रयोगांत चित्र इतके सरळ नसल्याचे दिसले, आणि तिथे प्रश्न भुकेचा नव्हे, हद्दीचा होता. तरीही मासा समोरच्या वस्तूचे सगळे तपशील तपासत बसत नाही, दोन-चार खुणांवर निर्णय घेतो, हे तत्त्व आमिष बनवणाऱ्यांना टिनबर्गेन यांच्या आधीपासून ठाऊक असावे.

आमचा तंत्रज्ञ सांगे, "दहातले आठ मासे मला लाल चमच्यावर मिळतात." मी विचारले, दहा तासांपैकी लाल चमचा पाण्यात किती वेळ असतो? तो थोडा विचार करून म्हणाला, "आठेक तास." आवडते आमिषच जास्त वेळ पाण्यात राहते, म्हणून त्यालाच जास्त मासे लागतात, आणि म्हणून ते आणखी आवडते होते! पुढचे दोन रविवार आम्ही दर अर्ध्या तासाला नाणे उडवून लाल की पिवळा ते ठरवले. दोन्ही दिवस मिळून पाच मासे मिळाले, तीन लालवर, दोन पिवळ्यावर. एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही, हे त्याला पटवायला मला तिसरा रविवार लागला.

त्याच दिवसांत त्याने मला सहज विचारले, शिसे वितळवताना वर जी राखाडी साय येते ती कशाची? आमिष खाली जावे म्हणून त्याला शिशाचे वजन लावतात. शिशाची घनता ११.३, वितळणबिंदू ३२७ अंश, त्यामुळे ते घरच्या शेगडीवर सहज वितळते. हा गृहस्थ जुन्या वजनांचे शिसे स्वयंपाकघरात वितळवून नवे साचे भरत होता. ती साय म्हणजे शिशाचे ऑक्साइड. ती खरवडताना उडालेली धूळ ओट्यावर, फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. त्याचा मुलगा दीड वर्षाचा होता. रक्ततपासणीत दर डेसिलिटरला ११ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. अमेरिकेत लहान मुलांसाठी ज्या पातळीवर सावध व्हायचे ती १९९१ मध्ये १० मायक्रोग्रॅम होती, २०१२ मध्ये ५ केली आणि २०२१ मध्ये ३.५ वर आणली. शिशाची अमुक मात्रा मुलाच्या मेंदूला निर्धोक, असे म्हणता येत नाही. घर ओल्या फडक्याने पुन्हापुन्हा पुसले, शेगडी बाहेर काढली, तेव्हा काही महिन्यांनी आकडा उतरला. त्या काळात रविवारच्या थट्टेत तो फारसा बोलत नसे.

पाण्यात हरवलेले शिसेही तसेच पडून राहत नाही. अनेक पाणपक्षी अन्न दळण्यासाठी खडे गिळतात आणि ते पेषणीत साठवतात. खडा समजून गिळलेले शिसे तिथे घासले जाते आणि आम्लात विरघळते. एकच वजन पक्ष्याचा जीव घेऊ शकते. हंस मरू लागल्यामुळे ब्रिटनने १९८७ मध्ये बहुतेक लहान शिसेवजनांच्या विक्रीवर बंदी घातली.

पर्याय आहेत. कथिलाची घनता ७.३, बिस्मथची ९.८, टंगस्टनची १९.३. कथिल २३२ अंशांनाच वितळते, पण तेवढ्याच वजनासाठी गोळा दीडपट मोठा लागतो. तंत्रज्ञाने शेवटी कथिलाची वजने घेतली आणि डबीतून सगळ्यांना वाटली. "केवढे हे बोजड! याला बघून मासा हसेल," असे म्हणत एकाने ते पाण्यात सोडले. तासाभराने त्यालाच सर्वांत मोठा मासा लागला. एकाच माशावरून काही सिद्ध होत नाही, असे मी म्हणायला गेलो, पण तिकडे कोणाचे लक्ष नव्हते.