शाळेच्या बाकावरही सहकार हवा



ऊसबिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला की घरात पहिला विषय निघतो तो पोरांच्या फीचा. आज आपल्यापैकी पुष्कळांची मुले खासगी शाळेत जातात. त्याच वर्गात दहा एकर बागायतीवाल्याचा मुलगा असतो, वीस गुंठेवाल्याचा असतो आणि शेतमजुराचाही असतो. शेतमजुराचे लेकरू तेथे कोणाच्या मेहेरबानीने आलेले नाही, हे आधी ध्यानात घ्यावे.

सन २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा वगळता, खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. त्यांच्या फीची भरपाई सरकार शाळेला करते. जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला सूट, असा नियम महाराष्ट्रात २०२४ च्या फेब्रुवारीत आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द केला.

जागा मिळाली, पण पुढे काय? सहलीची वर्गणी, स्नेहसंमेलनाचा पोशाख, वाढदिवसाच्या भेटी यांना माफी नसते. मग सहलीच्या दिवशी पोरगं पोट दुखतंय म्हणून घरीच राहतं. शिवाय कायद्याचे हे संरक्षण आठवीपर्यंतच आहे.

“असल्या पोरांच्या संगतीने आमची बिघडतील,” असेही काही पालक बोलतात. दिल्लीतील अनेक खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. त्याचा श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला, हे अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी तपासले. २०१९ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंग्रजीचे गुण थोडे घटले, वर्गातला दंगा थोडा वाढला, हे खरे. पण गणित व हिंदीत फरक पडला नाही. उलट ही मुले अधिक उदार झाली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला डावलण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी दिसले. म्हणजे एका बाकावर बसल्याने श्रीमंताच्या पोरालाही शिकायला मिळाले.

आपल्याला हे नवीन वाटू नये. सहकारात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. ही आपल्याच मातीतली शिकवण आहे.

तेव्हा पालक-शिक्षक संघाच्या सभेत आपल्या सभासदांनी तीन गोष्टी मांडाव्यात. सहल सर्वांना परवडेल अशीच काढावी. वाढदिवसाच्या भेटवस्तू शाळेत बंद कराव्यात. आणि आठवीनंतर एकाही मुलाची शाळा फीपायी सुटू नये, म्हणून ऐपतदार पालकांनी वर्गणीतून निधी उभारावा. तो कोणाला दिला, याची वाच्यता मात्र वर्गात होऊ देऊ नये. मदत घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये.