मूळपेशींचें रोपण : आतांच कीं मागाहून?

पेण-रोह्याकडील घरांत वडील माणसाची पाठ दुखूं लागली म्हणजे तो दोष वयावर घातला जातो. शेक, तेल, लेप यांत महिने निघून जातात. बहुधा त्यांत कांहीं बिघडतहि नाहीं. परंतु दुखण्याच्या जोडीला अशक्तपणा, रक्त कमी होणें, मूत्रपिंडांचा बिघाड, किंवा सहज धक्क्यानें हाड मोडणें अशीं लक्षणें दिसलीं, तर मल्टिपल मायलोमाची शंका घेतली पाहिजे. अस्थिमज्जेंतील ज्या पेशी रोगजंतूंशीं लढणारीं प्रथिनें तयार करितात, त्यांतीलच एक वंश बेसुमार वाढतो, निरुपयोगी प्रथिन रक्तांत ओततो आणि हाडें पोखरतो. हा कर्करोगाचाच एक प्रकार होय.

मूळपेशींच्या रोपणाचें नांव निघतांच घरांतील मंडळी गांगरतात. कोणा भावाची मज्जा काढावी लागणार, असें त्यांस वाटतें. या रोगांत बहुधा तसें नसतें. रोग्याच्या स्वतःच्याच पेशी वापरतात. आधीं कांहीं महिने औषधें देऊन रोग दबवितात, मग इंजेक्शनें देऊन मूळपेशी रक्तांत उतरवितात, आणि यंत्रानें वेगळ्या काढून गोठवून ठेवितात. नंतर मेल्फॅलन हें औषध इतक्या मोठ्या मात्रेंत देतात कीं रोगाबरोबर मज्जाहि होरपळते. जपलेल्या पेशी शिरेंतून परत दिल्या म्हणजे सुमारें दोन आठवड्यांत नवें रक्त बनूं लागतें. खरें औषध मेल्फॅलन; रोपण हें त्याच्या तडाख्यांतून वांचविण्याचें साधन. एवढें समजलें कीं निम्मी भीति जाते. उरलेली रास्तच आहे, कारण त्या दिवसांत साधा जंतुसंसर्गहि जिवावर बेतूं शकतो.

मतभेद आहे तो काळाविषयीं. रोग दबतांच रोपण करावें, कीं पेशी राखून ठेवून रोग उलटल्यावर? १९९६ सालीं फ्रान्समधील प्रयोगानें रोपणाचा पक्ष बळकट केला. पुढें औषधें सुधारलीं आणि वाद पुन्हां उघडला. अमेरिकेंतील ७२२ रोग्यांच्या, २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आरंभींच रोपण झालेल्यांचा रोग मध्यमानानें सुमारें ६७ महिने दबून राहिला, इतरांचा ४६. परंतु पांच वर्षांनीं हयात असलेल्यांचें प्रमाण दोहोंकडे जवळजवळ सारखें, शेंकडा ८० च्या आसपास. शिवाय रोपण झालेल्यांपैकीं दहा जणांस पुढें तीव्र मायलॉइड ल्युकेमिया किंवा मायलोडिस्प्लास्टिक विकार जडला. दुसऱ्या गटांत एकासहि नाहीं.

तरीहि ‘मागाहून पाहूं’ हा शब्द सोपा समजूं नये. मधल्या वर्षांत वय वाढतें, मूत्रपिंड थकतें, आणि राखून ठेविलेलें रोपण पेलण्याजोगी प्रकृति उरेलच असें नाहीं. साठीच्या आंतबाहेरच्या, बाकी धडधाकट रोग्यानें तें लवकर उरकावें, याकडे आमचा कल आहे. पेणच्या मूर्तिशाळेंतील कर्त्या पुरुषानें “भाद्रपद होऊन जाऊं दे” म्हटलें, तर रोग दबलेला असतां रोपण कांहीं आठवडे पुढें ढकलण्याविषयीं डॉक्टरांशीं बोलतां येतें. पहिलीं औषधें मात्र गणपतीसाठीं थांबवूं नयेत. आणि पेशी काढून घेण्यासहि फार उशीर नको, कारण लेनालिडोमाइड दीर्घकाळ घेतल्यावर त्या पुरेशा मिळणें अवघड होतें.

हा निर्णय ओटीवर बसून चौघांनीं परस्पर घ्यावा आणि रोग्यास ‘अशक्तपणा आहे’ एवढेंच सांगावें, ही आपल्या घरांतील चाल येथें अगदींच गैर आहे. पांच वर्षें कशीं घालवावयाचीं, हें ज्याचें त्यासच ठरवूं द्यावें.

१९८३ सालीं टाटा मेमोरियल रुग्णालयांत मज्जारोपणास आरंभ झाला. त्या संस्थेचें रोपणकेंद्र आतां खारघरास, म्हणजे रायगड जिल्ह्यांतच आहे. रोह्याहून पेणवरून पनवेलपर्यंत आगगाडीनें यावें. तेथून लोकलचें तिसरें स्थानक खारघर. रोपणानंतरचे पहिले आठवडे मात्र गाडीची गर्दी टाळून जवळच बिऱ्हाड करावें, आणि ताप दिसतांच, मग ती मध्यरात्र कां असेना, रुग्णालय गांठावें.