घड्याळाचा चेहरा बदलताना

आजोबांचं चावीचं घड्याळ तुमच्या कपाटात पडलंय का? १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. तिथलं 'जनता' घड्याळ घराघरांत पोचलं. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं; पण जुनी घड्याळं अजून टिकटिकतायत. तबकड्या मात्र डागाळल्यात.

मग नवी तबकडी बसवायची? मिळेल ती बसत नाही बरं का! तबकडीच्या मागे दोन बारीक खुंट्या असतात. हे तिचे पाय. ते यंत्रातल्या भोकांतच जायला हवेत. सारख्या मापाच्या दोन तबकड्यांचे पायही वेगवेगळ्या जागी असू शकतात. म्हणून आधी यंत्र कोणतं ते पाहायचं, मग तबकडीचा व्यास मोजायचा. सेकंदकाटा मधोमध आहे, की खाली छोट्या वर्तुळात? तारखेची खिडकी नेमकी आकड्यासमोर येते का? तबकडी जास्त जाड असली, तर काटे घासतात.

हे काम घड्याळजींचंच. फार जुन्या, अंधारात चमकणाऱ्या काही तबकड्यांच्या रंगात किरणोत्सर्गी रेडियम असे. तो कधीही खरवडू नका!

तबकडी नुसतीच पिवळी पडली असेल, तर राहू द्या. जुन्या घड्याळांचे शौकीन मूळ तबकडीलाच अधिक मोल देतात. बदललीच, तर जुनी डबीत जपून ठेवा. आजोबांनी आयुष्यभर वेळ पाहिली, ती तिच्यावरच ना?