सदोष स्विच आणि विक्रेत्याचे दायित्व
उल्हास नदीकाठच्या मोहन्यात बसून मेकॅनिकल कीबोर्ड मागवणाऱ्यास दुकान म्हणजे केवळ एक ईमेल पत्ता असल्यामुळे, ‘क’ एकदा दाबून ‘कक’ उमटू लागताच, तक्रार गुदरण्यापूर्वी, बिनसोल्डरचा स्विच उपटून शेजारच्या सॉकेटात बसवावा: दोष त्याच्यामागे गेला तर स्विच सदोष, जागीच राहिला तर सॉकेट वा सर्किट बोर्ड, वाकलेली पिनही आधीच तपासावी, कारण विक्रेते तिचेच निमित्त करतात. माझ्या विक्रेत्याने या चाचणीची चित्रफीत पाहून मुकाट्याने नवे स्विच धाडले. सर्वांचे नशीब असे नसते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांन्वये तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करणे ऑनलाइन विक्रेत्यावर बंधनकारक आहे. त्याने दाद न दिल्यास १९१५ ही हेल्पलाइन आहेच, शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे, विक्रेता बेंगळुरूचा असला तरी, फिर्याद आपल्याच ठाणे जिल्ह्यात दाखल करता येते.