कॉइल-रेझिस्टरची जोडी जुळवा

बोनकोड्यातून निघालेली जुनी प्रीमियर पद्मिनी ठाणे-बेलापूर रस्त्यावर तापून बंद पडली, तर नुकत्याच बदललेल्या कॉइलवरही संशय घ्यावा. इग्निशन बंद करून, कॉइलच्या वायरी काढून मल्टिमीटरने प्रायमरीचा रोध मोजावा. साधारण ३ ओहम भरल्यास कॉइल थेट १२ व्होल्टवर चालते. १.५ ओहम भरल्यास तेवढ्याच ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर जोडावा लागतो. दोन्हींत प्रवाह सुमारे ४ अँपिअर राहतो. रेझिस्टर नसेल, तर प्रवाह दुप्पट आणि कॉइलमधली उष्णता चौपट होते. सीबी पॉइंट जळतात, कॉइल फुटूही शकते. उलट, ३ ओहमच्या कॉइलला रेझिस्टर लावल्यास ठिणगी मंदावते. म्हणून कॉइल बदलताना रेझिस्टरही तपासावा.